जावं की राहावं: वऱ्हाडातलं 1947

पैनगंगा उगम पावते ती देऊळघाटपलीकडच्या डोंगरांत, अजिंठ्याच्या रांगेत. पूर्वेकडे वाहत ती खाली उमरखेडच्या बाजूला पोचते. 1948 पर्यंत तिथे हीच नदी सरहद्द होती: अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मराठवाडा. देऊळघाटजवळ सरहद्द नदीवर नव्हती, पण लांबही नव्हती. अजिंठा आणि भोकरदन दोन्ही निजामाच्या मुलखात, आणि देऊळघाटहून पहाटे जुंपलेली बैलगाडी दिवस मावळायच्या आत त्या मुलखात शिरू शकत होती. बुलढाण्याजवळच्या या मोठ्या मुस्लिम वस्तीच्या गावात, आणि वऱ्हाडातल्या अशा अनेक गावांत, 1947 साली एकच प्रश्न होता: या देशाचं पुढे काय होणार, आणि ते पाहायला आपण इथे राहायचं की नाही? असा प्रश्न पडला की माणसं आधी भविष्य ओळखायच्या मागे लागतात. वर्तमानपत्रं वाचली जातात, पुढाऱ्यांची भाषणं ऐकली जातात, मागच्या दहा वर्षांतल्या घटनांची यादी होते, आणि त्यातून अंदाज बांधला जातो. वऱ्हाडाचा अनुभव मात्र असा की अंदाज जवळजवळ सगळ्यांचेच चुकले, शहाण्यांचेही. माणसांचं बरंवाईट ठरलं ते निराळ्याच गोष्टीवर: गेलेल्या माणसाला परत येता येतं का, आणि ते कोण ठरवतं.

वऱ्हाडातल्या मुसलमानांच्या काळजीला आधार होता, हे आधी मान्य केलं पाहिजे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळून त्यांची संख्या लोकसंख्येच्या पाच टक्केही नव्हती. 1937 मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. रविशंकर शुक्लांच्या शिक्षण योजनेतल्या शाळांना ‘विद्या मंदिर’ हे नाव मिळालं, आणि त्या नावावरून मोठा वाद पेटला. मग मार्च 1939 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्याच चांदूर बिस्वा इथे दंगल झाली, काँग्रेसचे एक स्थानिक पुढारी मारले गेले, आणि गावातल्या मुसलमानांना मोठ्या संख्येनं पकडण्यात आलं. सत्र न्यायालयानं काहींना फाशीची, काहींना जन्मठेपेची शिक्षा दिली. नागपूरच्या उच्च न्यायालयानं अपिलात सगळ्यांना निर्दोष सोडलं. मुस्लिम लीगच्या प्रचारात ‘बिस्वा’ हे नाव त्यानंतर देशभर फिरलं. बंगालचे फझलुल हक यांनी काँग्रेसी राजवटीविरुद्ध जे आरोपपत्र छापलं त्यातही ते होतं. आता हा एकच पुरावा दोन्ही बाजूंनी वाचून पाहावा. घाबरलेल्या माणसाला त्यात दिसतं: बहुसंख्याकांचं सरकार आलं की आपलं अख्खं गाव कोठडीत जातं. न घाबरलेल्याला दिसतं: याच प्रांतात असं न्यायालय आहे की जे फाशी सुनावलेल्यांनाही सोडतं. त्यावर पहिला म्हणणार, ते न्यायालय इंग्रजांचं होतं, उद्या ते राहणार नाही. दुसरा म्हणणार, न्यायालयं राहतील, कारण वकील आणि कायदे तेच आहेत. दोघेही प्रामाणिक आहेत, दोघांपुढे कागद तेच आहेत. देशाच्या राजकीय भवितव्याबद्दलचा पुरावा बहुतेक वेळा असाच असतो. ज्याच्या मनात जे आधीच असतं त्याला तो पाठबळ देतो.

1946 ची निवडणूक पाहिली तर हे आणखी स्पष्ट होतं. प्रांतिक विधानसभेच्या 14 मुस्लिम जागांपैकी 13 लीगनं जिंकल्या. मतदानाचा हक्क तेव्हा सगळ्यांना नव्हता, मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटी होत्या, तरी ज्यांना तो होता त्यांचा कौल निःसंशय पाकिस्तानच्या मागणीला होता. आणि दीडेक वर्षात पाकिस्तान झाल्यावर याच प्रांतातले बहुसंख्य मुसलमान जागचे हलले नाहीत. याला कुणी ढोंग म्हणतं, कुणी मनपरिवर्तन. मला दोन्ही पटत नाही. मत द्यायला काही सोडावं लागत नाही. जायचं तर विहीर, शेत, उधारी, गिऱ्हाईक, आईवडिलांच्या कबरी हे सगळं सोडावं लागतं. कोण गेलं ते पाहिलं की उलगडा होतो. नागपूरचे नवाब सिद्दीक अली खान गेले. ते लीगच्या नॅशनल गार्डचे सालार होते, आणि पुढे लियाकत अली खानांचे राजकीय सचिव झाले. रेल्वे, टपाल, लष्कर अशा केंद्रीय नोकऱ्यांतल्या माणसांना सरकारनंच विचारलं होतं की नोकरी कुठे करणार, भारतात की पाकिस्तानात. त्यातल्या काहींना हा निर्णय तात्पुरता ठेवून सहा महिन्यांत बदलायची मुभाही होती. म्हणजे ज्यांच्या पुढच्या पगाराची सोय लागलेली होती त्यांना जाता आलं. कपाशी वेचणारा, कापड विणणारा, आठवडी बाजारात बांगड्या विकणारा माणूस कराचीला जाऊन करणार काय? तो राहिला. त्याचं राहणं म्हणजे देशावरचा विश्वास होता की नाइलाज, हे बाहेरून ठरवता येत नाही, आणि ठरवायचा आग्रह धरणाऱ्यांपासून जरा जपूनच राहिलेलं बरं.

पण वऱ्हाडाला कराचीखेरीज आणखी एक वाट होती, आणि तीच इथली खरी कहाणी. कायद्याच्या भाषेत वऱ्हाड निजामाचंच होतं. 1853 च्या तहानं ते कंपनीच्या कारभाराखाली गेलं, 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं इंग्रजांकडे गेलं, आणि 1936 च्या करारात निजामाचं नाममात्र सार्वभौमत्व पुन्हा मान्य होऊन त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. म्हणजे देऊळघाटच्या माणसाला हैदराबाद परदेश वाटायचं कारणच नव्हतं. नात्यागोत्याची माणसं तिकडे, राजा तिकडचा, भाषा ओळखीची, दख्खनी मुलूख एकच. 1947-48 च्या वर्षभरात आजूबाजूच्या प्रांतांतून मुसलमान हैदराबाद संस्थानात मोठ्या संख्येनं गेले. नेमक्या आकड्यावर एकमत नाही, पण तो लाखांत होता आणि त्यात मध्य प्रांत-वऱ्हाडचे पुष्कळ होते. त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवर हा निर्णय अगदी समंजस होता: दिल्ली-पंजाब पेटलेलं, वऱ्हाडाचं काय होईल ठाऊक नाही, आणि शेजारी एक मुसलमान राजा, ज्यानं भारताशी नोव्हेंबर 1947 मध्ये जैसे थे करार केलेला. याच वेळी उलट दिशेनंही लोंढा चालू होता. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या जाचानं मराठवाड्यातले हिंदू वऱ्हाडात, मध्य प्रांतात, मुंबई इलाख्यात येत होते. उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या गावांत हैदराबाद काँग्रेसचे कॅम्प होते. एकाच सरहद्दीवरून दोन समाज एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं पळत होते, आणि दोघांनाही सुरक्षित भविष्य पलीकडच्या बाजूला दिसत होतं.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत हैदराबाद संपलं. त्यानंतर संस्थानात मुसलमानांवर जे गुदरलं ते पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याच वर्षाअखेर गावोगाव फिरून नोंदवलं. मृतांचा त्यांचा सावध अंदाज 27,000 ते 40,000 होता. सर्वांत वाईट चार जिल्हे त्यांनी सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशकं बंद होता. वऱ्हाडात असं काही झालं नाही. म्हणजे जे भीतीपोटी वऱ्हाड सोडून गेले ते नेमके आगीत जाऊन पडले, आणि जे जागच्या जागी थांबले ते वाचले. बाहेरून आलेल्या मुसलमान निर्वासितांना नव्या लष्करी प्रशासनानं परत आपापल्या प्रांतांत पाठवायचं धोरण घेतलं. मराठवाड्यातून पळून आलेले हिंदूही परत गेले. दोन्ही गटांना मूळ गावी जाता आलं, कारण वऱ्हाड आणि हैदराबाद आता एकाच देशात होतं. जे कराचीला गेले होते त्यांचं तसं नव्हतं.

कराचीला गेलेल्यांचं काय झालं हे पाहायला कायद्याची पुस्तकं उघडावी लागतात. जुलै 1948 मध्ये भारत सरकारनं परवान्याची पद्धत आणली. पश्चिम पाकिस्तानातून यायचं तर परमिट हवं. ऑक्टोबरात पाकिस्ताननंही तेच केलं. राज्यघटनेच्या कलम 7 नं सांगितलं की 1 मार्च 1947 नंतर जो स्थलांतर करून पाकिस्तानात गेला तो भारताचा नागरिक नाही, आणि अपवाद फक्त कायम वस्तीच्या परमिटवर परतलेल्यांचा. मग आला निष्क्रांत मालमत्तेचा कायदा, आधी ऑक्टोबर 1949 च्या वटहुकुमानं आणि नंतर 1950 च्या अधिनियमानं. त्यात निष्क्रांत कोण याची व्याख्या आहे: दोन देश झाल्यामुळे, दंगलीमुळे किंवा दंगलीच्या भीतीमुळे जो देशाबाहेर गेला तो. भीती हा शब्द कायद्यातच आहे. भिऊन गेलात एवढं सिद्ध झालं की घर, शेत, दुकान सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात. परत यायचं मनात होतं की नव्हतं, याला फारशी किंमत नव्हती. दिल्लीत, मुंबईत, उत्तर प्रदेशात हजारो कुटुंबांचे खटले याच प्रश्नावर चालले: अमुक मनुष्य चार महिने लाहोरला बहिणीकडे राहिला, तर तो ‘गेला’ का?

याच्याही पुढचं एक कलम होतं, आणि ते वाचून आजही थबकायला होतं. ज्याचा अजून पाय हललेला नाही, पण ज्यानं पैसे तिकडे पाठवले, तिकडे मालमत्ता घेतली, अशा माणसाला सरकार ‘जाण्याच्या बेतात असलेला’ ठरवू शकत होतं. मग त्याला परवानगीशिवाय स्वतःची मालमत्ता विकता येत नसे. मुंबईच्या इंपीरिअल सिनेमाचे मालक अबूबकर अब्दुल रहमान यांच्यावर 1950 च्या सुरुवातीला हाच शिक्का बसला. त्यांच्याविरुद्ध माहिती देणाऱ्या माणसाचा डोळा त्या थिएटरवरच होता. कायद्यानं जप्त झालेली मालमत्ता निर्वासितांना वाटली जायची आणि पहिली खबर देणाऱ्याला आपला हक्क लागेल अशी आशा असायची. नुसत्या ‘बेतात असलेला’ या शिक्क्यानं जप्ती होत नव्हती, म्हणून तो खबर देणारा अपिलात गेला. अपिलाचा निकाल जाहीर व्हायच्या आधीच, मे 1950 मध्ये, अबूबकर वारले. तरी निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1953 मध्ये न्यायालयानं सांगितलं की मेलेल्या माणसाला देशत्याग केलेला ठरवता येत नाही. हे न्यायालयाला सांगावं लागलं! ‘बेतात असलेला’ ही तरतूद 1953 मध्ये गेली, आणि मे 1954 नंतर नवी मालमत्ता निष्क्रांत ठरवणं थांबलं. तोवर पाचसहा वर्षं लाखो लोक असे जगले की कराचीच्या भावाला मनीऑर्डर करतानाही विचार करावा लागे. त्या काळात जायचा विचार मोकळेपणी करणंही शक्य नव्हतं. पाकिस्तानातही हिंदू-शीखांच्या मालमत्तेबाबत असेच कायदे होते. एक सरकार दुसऱ्याच्या कायद्याकडे बोट दाखवून आपला कडक करत होतं.

भविष्य ओळखण्यापेक्षा परतीची वाट महत्त्वाची, या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो तो जर्मनीचा, आणि तो यायलाच हवा. 1933 नंतर तिथे जे ज्यू ‘पाहू पुढे काय होतं’ म्हणून थांबले त्यांचं काय झालं? तिथे भविष्य ओळखणं हाच जीव वाचवण्याचा एकमेव मार्ग नव्हता का? हा आक्षेप वजनदार आहे, पण त्या इतिहासाकडे जवळून पाहिलं तर तोही परतीच्या आणि प्रवेशाच्या प्रश्नाकडेच येतो. 1933 या पहिल्याच वर्षी जर्मनीतून सुमारे 37,000 ज्यू बाहेर पडले. म्हणजे अंदाज बरोबर बांधणारे होते. त्यांतले कित्येक परदेशात काम मिळेना, परवाने मिळेनात म्हणून पुढच्या दोन वर्षांत परतही आले. नंतर ज्यांनी धोका पुरता ओळखला त्यांच्यापुढे देश सोडण्याचा जबर कर होता, जाताना जवळपास सगळं जप्त होत होतं, आणि घेणारं कुणी नव्हतं. जुलै 1938 मध्ये एव्हियाँला 32 देशांची परिषद भरली आणि जवळपास प्रत्येकानं सहानुभूती व्यक्त करून हात वर केले. त्या वर्षी कुणाला भविष्य दिसत नव्हतं असं नाही. दिसूनही उपयोग नव्हता. म्हणून या उदाहरणातून मी वेगळा अर्थ काढतो. लवकर निघालेल्यांचा फायदा झाला तो त्यांचा अंदाज अचूक होता एवढ्यानं नव्हे. ते निघाले तेव्हा जाणं स्वस्त होतं आणि मागे फिरणंही शक्य होतं. ज्या निर्णयातून मागे फिरता येतं तो अर्धवट माहितीवरही लवकर घेता येतो. मागे फिरता येत नसेल तर माणूस खात्री होईपर्यंत थांबतो, आणि राजकारणात खात्री होते तेव्हा उशीर झालेला असतो. वऱ्हाडातला माणूस थांबून वाचला आणि बर्लिनमधला थांबून मेला, याचा मेळ दूरदृष्टीच्या हिशोबानं लागत नाही.

दुसरा आक्षेप सोपा वाटतो: गेलेल्यांचं काही वाईट झालं नाही, कराचीत कित्येकांनी नाव काढलं. खरं आहे. पण ते ज्या भविष्यासाठी गेले होते ते तिथे मिळालं का? सिद्दीक अली खान ज्यांचे सचिव होते ते लियाकत अली ऑक्टोबर 1951 मध्ये रावळपिंडीच्या भर सभेत गोळी घालून मारले गेले. 1958 मध्ये लष्करी कायदा आला. आणि बिहारमधून पूर्व पाकिस्तानात गेलेल्यांचं तर 1971 मध्ये असं झालं की ज्या देशासाठी गाव सोडलं तोच तिथून नाहीसा झाला. त्यांची कुटुंबं ढाक्याच्या छावण्यांत पिढ्यान्पिढ्या अडकून पडली. देश बदलला म्हणून राजकीय अनिश्चितता संपत नाही, तिचा पत्ता तेवढा बदलतो. याच्या शेजारी कोकणच्या बेने इस्रायलांचं उदाहरण ठेवावं. मराठी बोलणारे हे ज्यू 1948 नंतर इस्रायलला गेले ते भीतीनं नव्हे, आशेनं. तिथे भेदभाव वाट्याला आला तेव्हा त्यांच्यातल्या एका गटानं 1951-52 मध्ये धरणं धरलं, भारतात परत पाठवा म्हणून मागणी केली, आणि ती मान्य होऊन शंभरावर माणसं खरोखर मुंबईला परतली. पुढे त्यांतले बरेच जण पुन्हा इस्रायलला गेले. कुणी याला धरसोड म्हणेल. मला तर हेच शहाणपणाचं स्थलांतर वाटतं: जाऊन पाहिलं, पटलं नाही, परत आले, विचार करून पुन्हा गेले. वऱ्हाडातून कराचीला गेलेल्याला ही चैन कुणी दिली नाही.

आजच्या वाचकाला वाटेल की हा जुना काळ झाला. 2022 मध्ये 2,25,620 भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, 2023 मध्ये 2,16,219 जणांनी. यातले बहुतेक नोकरी, मुलांचं शिक्षण, पासपोर्टची सोय यांसाठी गेले. देशाच्या राजकारणाची काळजी हे कारण किती जणांचं, ते या आकड्यांतून कळत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. पण ती काळजी घराघरांत बोलली जाते, वेगवेगळ्या विचारांच्या घरांत वेगवेगळ्या कारणांनी, आणि प्रश्न विचारायची पद्धत अजून तीच असते: पुढे काय होईल? त्याऐवजी हातातल्या कागदांचा विचार करणं जास्त उपयोगी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यावर तोडगा म्हणून 2005 पासून ओसीआय कार्ड आलं, आणि त्यानं परतीची वाट बरीच मोकळी केली: व्हिसा नको, राहायला मुदत नाही, नोकरी-धंदा करता येतो. मतदान मात्र नाही, निवडणूक लढवता येत नाही, आणि कायद्यातल्या कारणांवरून सरकार कार्ड रद्द करू शकतं. शिवाय ते सगळ्यांना मिळत नाही. आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कुणी पाकिस्तानचा किंवा बांगलादेशाचा नागरिक असेल तर अर्जच चालत नाही. म्हणजे 1947 मध्ये वऱ्हाडातून कराचीला गेलेल्याच्या पणतूनं लंडनचा पासपोर्ट मिळवला तरी पणजोबाच्या त्या एका निर्णयानं त्याची वाट बंदच आहे. मालमत्तेचंही तेच. 1968 च्या शत्रू मालमत्ता कायद्याला 2017 मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे शत्रूची ठरलेल्या मालमत्तेवर वारसांचा हक्क उरला नाही, वारस स्वतः भारतीय नागरिक असले तरी.

बुलढाणा जिल्ह्यातून आज पुण्याला, तिथून कॅनडाला किंवा जर्मनीला जाणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत हा हिशोब फार साध्या जागी येऊन टेकतो. ते तिथलं नागरिकत्व घेऊन ओसीआय झाले, तर वडिलांच्या माघारी शेतीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून त्यांचं नाव लागू शकतं. बांधाला लागून असलेलं अर्धा एकर विकायला निघालं तर ते मात्र त्यांना विकत घेता येत नाही.